अंबिकाने भरलेली बस

अंबिका मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि जंगलात झोपली होती. जंगल कापडाचं होतं. उमरीच्या जत्रेत आमच्या नाटक मंडळीचा मुक्काम होता. तिचे वडील मल्लिनाथ आमचे पडदे रंगवायचे. त्यांनी नवा पडदा रंगवून मैदानात वाळत घातला होता आणि ही पोरगी त्याच्या मधोमध जाऊन आडवी झाली. उठली तेव्हा तिच्या गालावर वडाची पानं उमटली होती आणि वडाखाली पोरीच्या आकाराचा फिकट डाग पडला होता. मल्लिनाथ रागावले नाहीत. त्यांनी त्या डागावर एक हरीण काढलं. पुढे नऊ वर्षं आमच्या मंडळीतले सगळे राजपुत्र त्या हरणासमोर प्रेमात पडले. हरणाचं तोंड जरा माणसासारखं होतं, पण कुठल्याही राजपुत्राने तक्रार केली नाही.

आमच्याकडे पडदे चारच: राजवाडा, जंगल, रस्ता आणि गरिबाचं घर. नाटक कोणतंही असो, या चार ठिकाणांपलीकडे कुणाला जाता यायचं नाही. पण मल्लिनाथ मुक्कामाच्या गावी पोचले की आधी गावातून चक्कर मारायचे, आणि प्रयोगाच्या दिवशी रस्त्याच्या पडद्यावर त्या गावातलं काहीतरी येऊन बसायचं. उमरीला स्टेशनबाहेरचा पानठेला, जळकोटला पाण्याची टाकी. प्रेक्षक आधी आपला पानठेला ओळखून टाळ्या वाजवायचे आणि मग सावकाश आमच्याकडे बघायचे. आम्हा नटांना त्याचा राग यायचा. आता येत नाही.

मंडळी बंद पडली, छापील पडदे आले, दुकानांच्या पाट्यासुद्धा छापून यायला लागल्या. मल्लिनाथना जाऊन आता सहा वर्षं झाली. अंबिकाने चित्रकला शिक्षिकेची पदविका घेतली आणि लातूरच्या एका शाळेत चार वर्षं नोकरी केली. या चार वर्षांत चित्रकलेचा तास तिला एकूण अकरा वेळा मिळाला. बाकीचे सगळे गणिताच्या सरांनी मागून नेले. मग तिने शाळा सोडली आणि मोहसीनच्या कंपनीत गेली.

कंपनी म्हणजे औसा रोडवर औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाटी नाही. त्यामुळे लोक जिना चढून वर येतात, खुर्चीत बसतात आणि रक्तदाब तपासायला हात पुढे करतात. मोहसीन मूळचा उदगीरचा, शिकलेला इंजिनियर. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत तीन वर्षं व्हिडिओ गेम बनवायचा. बनवायचा म्हणजे दुसऱ्यांच्या गेममधले दगड बनवायचा. तीन वर्षं फक्त दगड. एके दिवशी त्याला वाटलं, आपल्याही गेममध्ये एखादा माणूस असावा, म्हणून तो लातूरला परत आला. त्याच्यासोबत कोड लिहायला धम्मानंद. हा किनवटकडचा, तिथल्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि अतिशय शांत. आणि चित्रं काढायला अंबिका. एवढीच कंपनी.

अंबिका बोलते कमी. पण जेव्हा बोलते तेव्हा समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते. केसांच्या गाठीत पेन्सिल खोचलेली असते आणि ती पेन्सिल दिवसातून दहा वेळा सगळ्या खोलीभर शोधते.

गेल्या वर्षी एक दिवस तिचा मला फोन आला.

"काका, मोकळे आहात का?"

"मोकळाच हाय. का गं?"

"चाळीस माणसं पाहिजेत."

"नाटक बसवतीस का काय?"

"बस बसवून राहिलो. लातूर ते जळकोट, नळेगाव-उदगीरवरून. चाळीस प्रवासी, बारा थांबे. खेळणारा कंडक्टर असतो. सगळ्यांना बसवायचं, तिकीट द्यायचं, भांडणं मिटवायची आन जळकोटला पोचवायचं. प्रवाशांना आवाज पाहिजेत."

"चाळीस नट कुठून आणू गं मी आता? निम्मे तर वर गेले."

"नट नकोत. तुमचा एकच घसा आणा. बाकीचं मशीन करतंय."

गेलो. आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. धम्मानंदने समजावून सांगितलं की मी एकदा अर्धा तास बोललो की एआय माझ्या आवाजातून म्हातारी, पोरगा, मास्तर, जनावरांचा व्यापारी असे हवे तेवढे आवाज तयार करील. वाक्यंही एआयनेच लिहिली होती. धम्मानंद कोडसुद्धा त्यालाच विचारून लिहितो. ते लिहून देतं आणि मग दोघं मिळून त्यातली चूक शोधत बसतात.

मी कागद हातात घेतला. "महोदय, कृपया मला जळकोट येथपर्यंतचे एक तिकीट प्रदान करावे."

खरं सांगतो, मला वाक्य आवडलं. आमच्या मंडळीत प्रधान असंच बोलायचा. मी छातीत श्वास भरला आणि बोललो. आयुष्यभर माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोललोय, आवाज खाली येतच नाही. यंत्राने माझी ती सवय जशीच्या तशी चाळीसही जणांना वाटून दिली. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर सहा वर्षांचं पोरगं कंडक्टरकडे अर्धं तिकीट असं मागत होतं, जणू शेजारच्या राज्यावर स्वारीच करणार आहे. नळेगावच्या म्हातारीला मळमळत होतं, तेही तिने सिंहासनावरून सांगितलं.

"काका," धम्मानंद हळूच म्हणाला, "थोडं बारीक बोलता येईल का?"

"हे मी बारीकच बोललोय."

हसण्यात दिवस जात होते, पण त्याच आठवड्यात मोहसीनने मला जिन्यात गाठलं. पुण्याची एक कंपनी हा गेम जगभर प्रसिद्ध करायला तयार होती. त्यासाठी वीस तारखेपर्यंत बारा थांब्यांचा आणि चाळीस प्रवाशांचा पूर्ण नमुना हवा होता. अंबिकाने चार महिन्यांत तीन थांबे आणि अकरा प्रवासी काढले होते. म्हणून मोहसीनने चित्रं काढणारं एआयचं टूल घेतलं. पुण्याच्या मंजुषा मॅडमना त्याने हे अभिमानाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आर्टिस्ट कशाला ठेवलीय? तुमचं दोघांत होईल की. पुढच्या करारात दोघांचीच टीम धरते."

"काका, तुम्ही तिच्या अब्बांच्या ओळखीचे," मोहसीन म्हणाला. "तुम्हीच सांगा ना तिला."

"काय सांगू?"

"हेच की नमुना पास झाला की तिला दुसरीकडं बघावं लागंल."

"म्हणजे नमुना तिच्या हातून करून घ्यायचा, आन पास झाला की तिलाच काढायचं?"

"असं म्हटल्यावर लई वाईट वाटतंय, काका."

"वाटलंच पाहिजे."

"मला पण ऐकू येऊन राहिलंय," वरच्या पायरीवरून आवाज आला. अंबिका चहाचे तीन कप हातात धरून उभी होती. मोहसीनचा चेहरा असा झाला की खालच्या दुकानातून गोळी आणावी लागते की काय असं मला वाटलं. तिने शांतपणे कप आमच्या हातात दिले. "वीस तारखेपर्यंत मी हाय ना?"

"हौ. म्हणजे… हाव, हायेस."

"मग ते मशीन कसं चालतंय ते दाखव. आन चहा पी, थंड होतोय."

मोहसीनला इतकी लाज वाटली की तो म्हणाला, "तू दमू नको, मीच करतो." आणि स्वतः टाईप करायला बसला. अंबिका शेजारी खुर्ची ओढून बघत राहिली. त्याने लिहिलं: लातूरचा बसस्टँड. यंत्राने बसस्टँडवर चार उंट उभे केले. उंट काढायला सांगितले, तर उंट गेले आणि सगळ्या बायकांच्या अंगावर आरशांचे घागरे आले. घागरे काढून नऊवारी-सहावारी मागितली, तर साड्या आल्या, पण बसला झेंडूच्या माळा आणि प्रत्येक प्रवाशाच्या हातात पूजेचं ताट. मोहसीन एकेक वस्तू काढत गेला आणि यंत्र तिच्या जागी दुसरी आणत गेलं. अंबिका मधेच सांगायची, "चपला घाल त्यांना. बसस्टँडवर अनवाणी कोण फिरतंय?" आठ दिवसांत बारा थांबे झाले, चाळीस प्रवासी झाले.

चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आभाळ तर असं की बघत राहावं. मी अंबिकाकडे बघितलं. ती पण आभाळाकडेच बघत होती. "चांगलं काढतंय," ती म्हणाली, आणि केसांत हात घालून पेन्सिल शोधू लागली.

नमुना खेळून बघायला मोहसीनने आपल्या वडलांना बोलावलं. खाजामियाँ म्हणजे एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेला माणूस. त्यातली चौदा वर्षं याच मार्गावर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी जिना चढताना मागच्याला "पुढं सरका, आत लई जागा हाय" असं म्हणतात. मला ते मास्तर म्हणतात, मी त्यांना खाजाभाई.

ते लॅपटॉपसमोर बसले. चष्मा पुसला. खेळ सुरू झाला. लातूरचा स्टँड आला, बस लागली, प्रवासी चढले, बसले. खाजाभाई थांबले. काही झालं नाही. नळेगाव आलं. चारजण उतरले, पाचजण चढले. खाजाभाई परत थांबले. उदगीर आलं.

"हे कोणतं गाव?"

"उदगीर, अब्बा. आपलं."

"माझा जन्म गेला तिथं. मी हे गाव पाह्यलं न्हाई." त्यांनी मान तिरकी करून स्क्रीन निरखली. "ही माणसं अशी का उभी हायेत?"

"रांगेत हायेत."

"काय झालंय त्यांना?"

"काही न्हाई झालं, अब्बा. रांग लावली त्यांनी."

खाजाभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू घरात कुणी आजारी असल्याची बातमी आत्ता त्यांना कळली होती. त्यांनी बस जळकोटला नेली. सगळे शांतपणे उतरले आणि आपापल्या दिशेने चालायला लागले. उतरल्यावर त्यांनी कुठे थांबायचं हे कोडमध्ये लिहायचं राहून गेलं होतं. ते चालतच राहिले.

"कुठं चालले हे?"

"चूक राहिलीय, काका," धम्मानंद म्हणाला. "कालचे पण अजून चालून राहिलेत. आत्ता तेलंगणात असतील."

खाजाभाईंनी चष्मा काढला. "बेटा, एकतीस वर्षांत अशी एक फेरी मला मिळाली असती तर मी मशिदीत गूळ वाटला असता. पण ह्यात खेळ कुठाय? मला झोप येऊन राहिली. भांडण न्हाई, ढकलाढकली न्हाई. रुमाल कुठाय?"

"कोणता रुमाल?" मोहसीनने विचारलं.

"अरे जागेचा! बस लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकत्यात का न्हाई? मग एकाचा रुमाल दुसरा उचलतो, तिसरा म्हणतो मी आधी टाकला. सगळी नोकरी माझी त्या रुमालात गेली. तिकीट काय, कुणीबी फाडतो."

आम्ही पाचही जण आयुष्यभर खिडकीतून रुमाल टाकत आलेलो, आणि पाचजणांपैकी चारजणांना तो आठवला नव्हता. यंत्राने माणसं छान बसवली होती आणि आम्हीही ते छान म्हणून मान्य करून बसलो होतो. वीस तारखेला सहा दिवस उरले होते.

मोहसीनने ताबडतोब टाईप केलं: खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी. यंत्राने रेल्वेच्या फलाटावर रडत रुमाल हलवणारी बाई काढली. परत लिहिलं. एक जादूगार आला आणि त्याच्या रुमालातून कबुतरं उडाली. तिसऱ्यांदा लाल फडकं आणि समोर चवताळलेला बैल. चौथ्यांदा एक माणूस रुमालाने बसची काच पुसत होता, आणि इतक्या मनापासून पुसत होता की खाजाभाई म्हणाले, "ह्याला डेपोत घ्या."

"ह्याला ठाऊकच न्हाई," अंबिका म्हणाली. "कुणी लिहूनच ठेवलं नसंल. कोण लिहितंय, मी आज रुमाल टाकला म्हणून?" तिने चित्रकलेची वही काखेत घेतली. "चला."

"कुठं?"

"स्टँडवर."

आम्ही सगळे तसेच उठून लातूरच्या स्टँडवर गेलो. अंबिका बाकावर बसली आणि तीन तास मान वर-खाली करत राहिली. खिडकीतून रुमाल तर गेलेच, पण जेवणाचा डबा गेला, शाळेचं दप्तर गेलं, वांग्यांची पिशवी गेली, एका माणसाने दोन्ही चपला टाकल्या आणि स्वतः अनवाणी दाराकडे पळाला. एका बाईने नातवालाच आत सरकवला आणि बाहेरून ओरडली, "पसरून बस रे!" अंबिकाची पेन्सिल थांबत नव्हती.

एक गजरेवाली बाई तिच्या अंगावर आली. "काय गं, माझं चित्र काढून राहिलीस का?"

"हाव मावशी."

"मग पदर तरी नीट करू दे की! आन नाक जरा बारीक काढ."

बारीक काढलं. ती बाई आता गेममध्ये तिसऱ्या सीटवर बसते.

ऑफिसात परत आल्यावर खाजाभाईंनी खुर्च्या दोन रांगांत लावून आम्हाला कायदा शिकवला. "रुमालामागं माणूस पाहिजे. रुमाल टाकून चहाला गेला, त्याचा हक्क गेला. पण म्हातारी असली तर चहा पिऊन आली तरी हक्क राहतो. पिशवीचा हक्क रुमालाच्या वर. पिशवीत कोंबडी असली तर सगळ्यात वर."

"का, कोंबडीचा का?" धम्मानंद सगळं लिहून घेत होता.

"कोंबडी बोलती की. रुमाल बोलतो का? आन एकाच ठेल्यावरून घेतलेले दोन रुमाल असले तर कंडक्टरनं दोघांचा वास घ्यायचा."

धम्मानंदने हे सगळं आपल्या एआयला सांगितलं आणि नियम कोडमध्ये बसवायला लावले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, ते म्हणून राहिलं, सगळ्यांना रांगेत उभं केलं तर हा प्रश्नच उरणार नाही."

"त्याला म्हणावं, सोमवारी सकाळी उदगीरच्या स्टँडवर येऊन सांग," खाजाभाई म्हणाले.

पुढचे चार दिवस मी अंबिकाला काम करताना बघितलं. माणसं ती हाताने काढायची: गर्दीत वाकलेली, एक पाय पायरीवर, एक हात खिडकीत, तोंड उघडं. मग ते चित्र यंत्राला द्यायची. सावल्या टाक, हीच बस संध्याकाळची कर, हाच माणूस पाठमोरा दे, पाऊस पाड, धूळ उडव. जे काम तिचे वडील दोन पोऱ्यांकडून आठवडाभर करून घ्यायचे ते एका तासात व्हायचं. मधेच यंत्र एखाद्याला घागरा नेसवायचं. तेव्हा ती त्याला असं झापायची की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं.

"काका, हा माझा हमाल हाय," ती म्हणाली. "लई ताकदीचा. फक्त ओझं कुठं ठेवायचं ते त्याला विचारायचं न्हाई."

आवाजही नवे केले. या वेळी कागद नाही. मी आणि खाजाभाई खुर्चीवरून खरोखर भांडलो, दोन दिवस. त्यात दोन-तीन जुने हिशेबही निघाले, ते अंबिकाने रेकॉर्डिंगमधून कापले. यंत्राने त्या भांडणाचे चाळीस आवाज केले. माझा आवाज अजूनही जरा मोठाच होता, पण बसमध्ये तो शोभून दिसत होता.

वीस तारखेला दुपारी मंजुषा मॅडम पुण्याहून स्क्रीनवर आल्या. चष्मा डोक्यावर, समोर कॉफी. मोहसीन कॅमेऱ्यासमोर बसला. अंबिका, धम्मानंद आणि आम्ही दोघं म्हातारे कॅमेऱ्याबाहेर भिंतीला टेकून. अंबिकाच्या मांडीवर वह्यांची चळत होती.

मॅडमनी खेळ सुरू केला. बस लागली आणि लातूरचा स्टँड बसवर तुटून पडला. रुमाल, डबे, दप्तरं, चपला. मॅडम म्हणाल्या, "अरे, अरे, अरे!" गजरेवालीने एका मास्तरांचा रुमाल उचलला. मॅडमनी मास्तरांच्या बाजूने निकाल दिला. बसमधल्या सगळ्या बायका उठल्या. मॅडमची कंडक्टरची नोकरी नळेगावच्या अलीकडेच गेली. दुसऱ्या खेळीत त्यांनी कोंबडीचा हक्क मानला नाही. तिसऱ्या खेळीत त्या कशाबशा उदगीरपर्यंत पोचल्या आणि तिथे इतक्या हसल्या की चष्मा कॉफीत पडला.

"अप्रतिम! मोहसीन, अप्रतिम झालंय! ही माणसं, यांचे चेहरे… कोणतं टूल वापरलंत? म्हणजे माझंच खरं झालं की. दोघांत झालं सगळं."

मोहसीनने तोंड उघडलं. मिटलं. गेम पास झाला होता. एक वाक्य बोललं असतं तर कदाचित तो नापास झाला असता, आणि नाही बोललं तर भिंतीशी बसलेल्या बाईची खुर्ची आजच गेली असती. मी पुढे सरकलो. अंबिकाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबलं.

"एक काम करा," मॅडम पुढे म्हणाल्या. "मला याचा दुसरा भाग हवा. नांदेड ते किनवट. तिकडे जंगल आहे ना? आत्ता माझ्यासमोर एक थांबा काढून दाखवा. मला प्रत्यक्ष बघायचंय कसं करता ते."

मोहसीनने घाम पुसला आणि टाईप केलं. किनवटचा बसस्टँड आला. बांबूची झोपडी, मागे धबधबा, तिकिटाच्या खिडकीशी हत्ती, आणि प्रवाशांच्या अंगावर झाडांची पानं.

मॅडमचं हसू गेलं. "हे काय? हे असं नाही चालणार. हा हत्ती काढा."

मोहसीनने हत्ती काढला. त्याच्या जागी वाघ आला, आणि तो रांगेत उभा होता.

भिंतीशी बसलेला धम्मानंद आजवर कुणाच्या बोलण्यात पडला नव्हता. तो उठून कॅमेऱ्यासमोर गेला. "मॅडम, मी दहावीपर्यंत तिथल्या वसतिगृहात राह्यलोय. पानं कुणी घालत न्हाई. आम्ही पॅन्ट घालत होतो."

"हो, सॉरी… अर्थातच." मॅडमनी कपाळाला हात लावला. "पण मग आधीची बस कशी एवढी छान झाली?"

मोहसीनने लॅपटॉप उचलला आणि गर्रकन भिंतीकडे फिरवला. आधी मॅडमना खाजाभाईंची टोपी दिसली असावी, मग माझं पोट, मग अंबिका.

"हिनं केली," तो म्हणाला. "आभाळ टूलचं हाय, माणसं हिची हायेत. मी मघाशीच सांगायला पाहिजे होतं. आधीच्या फोनवर पण सांगायला पाहिजे होतं. आता तुम्हाला घ्यायचा तर घ्या गेम, न्हाई तर नका घेऊ. पण दोघांची टीम न्हाई जमणार. दोघांत मी फक्त दगड बनवू शकतो."

कॉफीतून काढलेला चष्मा पुसून मॅडमनी डोळ्यांवर लावला. "वही दाखवता का?"

अंबिकाने वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि एकेक पान उलटत गेली. चपला टाकणारा माणूस आला तेव्हा मॅडमना परत हसू फुटलं.

"किनवटचं किती दिवसांत जमेल तुम्हाला?"

"आधी जाऊन बघावं लागंल."

"धम्मानंदनी फोटो मागवून दिले तर?"

"फोटो काढताना माणूस नीट उभा राहतो, मॅडम. जागेसाठी कसा भांडतो ते त्यात दिसत न्हाई."

"ते खरंय." मॅडमनी समोरचा कागद पुढे ओढला. "मी इथे दोघांची टीम असं लिहून ठेवलंय. याचं काय करू?"

"खोडा," अंबिका म्हणाली. "न्हाई खोडता आलं तर एक नाव वाढवा. अंबिका मल्लिनाथ. पहिलं लिहा, शेवटचं लोक वाचत न्हाईत."

खाजाभाईंनी तिथल्या तिथे टाळी वाजवली. एकट्या माणसाने वाजवलेल्या टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण ही फार मोठी होती.

गेम प्रसिद्ध करताना एक जाहीर पत्रक द्यावं लागतं, की यातलं काय माणसाने केलं आणि काय एआयने. ते लिहून काढायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं. अंबिका सांगत होती, मी लिहीत होतो. आभाळ यंत्राचं. सावल्या, धूळ, पाऊस यंत्राचा. माणसं, रुमाल, कोंबडी अंबिकाची. आवाजांचा कच्चा माल दोन म्हाताऱ्यांचा.

"आन रस्त्यातले खड्डे?" मी विचारलं.

"ते धम्मानंदचे. खऱ्या रस्त्यावरून मोजून घातलेत त्यानं."

मागच्या आठवड्यात अंबिका धम्मानंदसोबत किनवटला गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मागे बसचा आवाज येत होता.

"काका, इथली माणसं लई कमी बोलत्यात. आमच्या बसमध्ये एक आजोबा तीन तास खिडकीतून बाहेर बघत होते. मी दोनदा काही विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली. गेमला आवाज थोडेच लागतील."

"म्हणजे माझं काम गेलं म्हण की," मी म्हणालो. हसत म्हणालो, पण जरा वाईट वाटलंच.

"गेलं कुठं? उलट अवघड झालंय. त्या आजोबांचं गप्प बसणं पाहिजे मला. श्वास, खाकरणं, मान हलवताना घशातून येतंय ते. मशीनला सांगून बघितलं, ते सारखं गाणं लावतंय. तुम्ही सोमवारी ऑफिसात या, आन तीन तास गप्प बसा."

"तीन तास?"

"दम न्हाई का?"

आज रविवार आहे. सकाळपासून मी घरात सराव करतोय. बायकोने दोनदा येऊन कपाळाला हात लावून बघितलं.